डाइस मास्टर्स: अटॅक-डिफेन्सची बेरीज दर वेळी का बिघडते आणि ती कुठून तपासायची

आधी लक्षणं

- एकाच फाशाचा अटॅक दोन खेळाडू वेगवेगळा सांगतात. दोघांनाही पुन्हा मोजायला सांगितलं तरी तोच आकडा येतो.
- एकाच कॅरेक्टरचे दोन-तीन फासे फील्डमध्ये (लढायला उभे असलेल्यांच्या जागेत) आले की बाकीच्यांना मिळणारा बोनसही दुप्पट-तिप्पट होतो.
- मागच्या टर्नचा +१ या टर्नमध्येही कोणीतरी धरून बसलेलं असतं.
- कार्डावर बोनस स्पष्ट छापलेला आहे, पण समोरचा म्हणतो, तो आत्ता लागू नाही. आणि तो बरोबर असतो.
- मार खाऊन वाचलेलं कॅरेक्टर थोड्या वेळाने, नवीन मार न बसताच नॉकआउट होतं. मग खरा वाद सुरू होतो.

यातलं एक जरी तुमच्या टेबलावर वारंवार होत असेल तर पुढचं वाचा. आमच्या ग्रुपमध्ये असले वाद माझ्याकडे येतात. नियमांचं पुस्तक मी बरोबर ठेवतो एवढंच त्याचं कारण. पण इतके वाद सोडवल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे: बेरीज क्वचितच चुकते. चुकतं ते हे, की बोनस नेमका कुठे बसलाय हे कोणी विचारतच नाही. तो फाशाच्या पृष्ठावर छापलेला आहे, की एखाद्या कार्डाच्या जिवावर टिकून आहे, की कोणीतरी एनर्जी (फाशांवर मिळणारं खेळातलं चलन) मोजून या टर्नपुरता विकत घेतलाय? या तिन्हींचं आयुष्य वेगवेगळं असतं आणि मोजायची रीतही वेगळी असते.

नवख्यांसाठी दोन ओळी. विझकिड्स या प्रकाशकाचा हा फासे आणि कार्डांचा लढाईचा खेळ २०१४ मध्ये मार्व्हलच्या ‘अॅव्हेंजर्स व्हर्सेस एक्स-मेन’ संचाने सुरू झाला. रचना माइक एलियट आणि एरिक लँग यांची. याच जोडीचा ‘क्वॉरियर्स’ २०११ मध्ये आला होता आणि पिशवीतून फासे काढून फौज उभी करण्याची कल्पना तिथलीच. सुरुवातीला पिशवीत आठ साइडकिक (दोघांनाही सारखेच मिळणारे साधे) फासे असतात. टर्नला चार काढायचे, फेकायचे, हवे ते एकदा पुन्हा फेकायचे. मिळालेल्या एनर्जीतून नवीन फासे विकत घ्यायचे किंवा कॅरेक्टर फील्ड करायचे.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा ठेवलाय की फुकटातल्या आणि सोप्या आधी याव्यात. उडी मारून थेट शेवटच्या भागाकडे जाऊ नका. बहुतेक भांडणं पहिल्या तीन-चार तपासण्यांतच मिटतात.

१. फासा उचलून नीट बघा

हसू नका. कॅरेक्टरच्या फाशाला तीन पृष्ठं एनर्जीची आणि तीन कॅरेक्टरची असतात, म्हणजे लेव्हल १, २ आणि ३. कॅरेक्टरच्या प्रत्येक पृष्ठावर डावीकडे वर फील्ड करायचा खर्च, उजवीकडे वर अटॅक आणि उजवीकडे खाली डिफेन्स. अक्षर बारीक, रंग कधी कधी असा की छपाई त्यात विरघळून जाते. खर्चाचा आकडा अटॅक म्हणून वाचणं किंवा फासा उलटा धरून अटॅक-डिफेन्सची अदलाबदल करणं रोजचं आहे.

म्हणून फाशावरचा आकडा कार्डाच्या खालच्या पट्टीशी ताडून पाहा. तिथे तिन्ही लेव्हलचे आकडे ओळीने दिलेले असतात. हे करताना आणखी एक घोळ बाहेर येतो. एकच हीरो वेगवेगळ्या संचांत येतो आणि त्याचे फासे सारखे नसतात. दोन संच एकाच डब्यात भरून ठेवले असतील तर पिशवीत चुकीच्या संचाचा फासा गेलेला असू शकतो. पट्टी आणि फासा जुळला नाही तर डाव तिथेच थांबवा, पुढची सगळी बेरीज फुकट आहे.

२. मार आणि डिफेन्स वेगळे ठेवा

याचं महत्त्व लोकांना शेवटपर्यंत पटत नाही. चार डिफेन्सच्या कॅरेक्टरला तीन डॅमेज झालं तर त्याचा डिफेन्स एक होत नाही. डिफेन्स चारच राहतो आणि त्याच्या अंगावर तीन डॅमेज असतं. डॅमेज डिफेन्सइतकं किंवा जास्त झालं की नॉकआउट.

निकाल तोच येतो, मग फरक काय पडतो? बोनस मध्ये आला की पडतो. वजाबाकी करत बसणाऱ्याला डिफेन्सचा बोनस काढल्यावर काय होतं हे सांगताच येत नाही, कारण त्याने मूळ आकडा, बोनस आणि मार एकत्र ढवळून टाकलेले असतात. शिवाय काही कार्डं ‘डिफेन्स अमुकपेक्षा कमी असलेलं कॅरेक्टर’ अशी अट घालतात. तिथे मार खाल्लेलं कॅरेक्टर दुबळं मोजलं तर खेळच बदलतो.

उपाय साधा आहे. डॅमेजसाठी एका रंगाचे मणी आणि बोनससाठी दुसऱ्या रंगाचे, दोन्ही फाशाशेजारी. एवढी शिस्त पाळली तर वरच्या लक्षणांतलं शेवटचं अर्धं अधिक सुटतं.

३. टर्न संपली तेव्हा साफसफाई झाली का?

टर्नच्या शेवटी डॅमेज उतरतं आणि ‘टर्न संपेपर्यंत’ असलेले सगळे परिणाम जातात. दोन्ही खेळाडूंच्या फाशांवरचे. फक्त ज्याची टर्न होती त्याचे नव्हे. समोरच्याच्या टर्नमध्ये ब्लॉक करताना (हल्ला अडवताना) ग्लोबल, म्हणजे कार्डावरचा एनर्जी मोजून कोणालाही वापरता येणारा परिणाम, वापरून स्वतःला दिलेला +१ डिफेन्स तुमच्या टर्नमध्ये चालत येत नाही.

मणी ठेवलेले असतील तर हातासरशी उचला. नसतील तर मागच्या टर्नचे बोनस आठवणीत उरतात, आणि आठवण नेहमी आपल्याच बाजूने कललेली असते.

४. कार्डावरचे तीन छोटे शब्द

मजकूर पुन्हा वाचा, या वेळी मोठ्याने. नजर नेहमी आकड्यावर जाते, आणि खटका असतो बाजूच्या शब्दात.

‘इतर’ हा त्यातला पहिला. ‘तुमच्या इतर व्हिलन कॅरेक्टर्सना +१ अटॅक’ म्हटलं की देणारा स्वतः त्यात धरला जात नाही. दुसरा ‘तुमच्या’. तो नसेल तर बोनस समोरच्यालाही जाऊ शकतो, आणि तो हक्काने मागेल. तिसरा प्रश्न मोजणीचा: बोनस प्रत्येक कॅरेक्टरमागे आहे की प्रत्येक फाशामागे? फील्डमध्ये एका कॅरेक्टरचे तीन फासे असतील तर या दोन वाक्यांची उत्तरं वेगळी येतात.

गटाचं चिन्हही इथेच बघा. अॅव्हेंजर्स, एक्स-मेन, व्हिलन वगैरे चिन्हं कार्डावर छापलेली असतात. सिनेमात कोण कोणाच्या बाजूने होता याला इथे किंमत नाही. एकाच हीरोच्या वेगवेगळ्या कार्डांवर वेगळी चिन्हं असू शकतात.

साइडकिकसाठी असलेल्या बोनसचंही एक पोट-प्रकरण आहे. साधा साइडकिक १ अटॅक, १ डिफेन्सचा, फुकटात फील्ड होणारा. पण ज्या कॅरेक्टरच्या कार्डावर ‘अॅलाय’ लिहिलंय तोही फील्डमध्ये असताना साइडकिक धरला जातो. तेव्हा ‘तुमच्या साइडकिकना +१’ हा बोनस त्यालाही मिळतो. हे समोरच्याला ब्लॉक लावून झाल्यावर सांगू नका, आधी सांगा. नियमात बसतं म्हणून टेबलावर शोभतंच असं नाही.

५. बर्स्टचे तारे

‘कार्डावर आहे पण लागू नाही’ या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. काही पृष्ठांवर डावीकडे खाली एक किंवा दोन तारे असतात. कार्डाच्या मजकुरात तोच तारा लावून एखादं वाक्य दिलेलं असेल तर ते वाक्य तेवढ्या पृष्ठापुरतंच जिवंत असतं. एक ताऱ्याचं वाक्य दोन ताऱ्यांच्या पृष्ठाला आपोआप लागत नाही. दोघांना लागायचं असेल तर कार्डावर दोन्ही खुणा तिरकी रेघ देऊन छापलेल्या असतात.

आणि फासा लेव्हल वर-खाली फिरवला तर तारा जाऊ शकतो. लेव्हल २ वर तारा, लेव्हल ३ वर नाही, असं असलं की फासा वर फिरवून तुम्ही छापील आकडे वाढवता आणि बोनस घालवता. कधी तो व्यवहार परवडतो, कधी नाही. फिरवण्याआधी बेरीज करा. उलट, टर्नपुरता मिळालेला +२ हा फाशाला मिळालेला असतो, पृष्ठाला नाही, म्हणून लेव्हल बदलली तरी तो राहतो. अंगावरचं डॅमेजही राहतं.

६. दुप्पट होतं ते काय, आणि होत नाही ते काय

इथून खरं काम सुरू होतं, आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो.

‘अॅक्टिव्ह असेपर्यंत’ या शब्दांनी सुरू होणारा परिणाम म्हणजे कार्डाचा परिणाम. त्या कॅरेक्टरचा किमान एक फासा फील्डमध्ये आहे का, एवढंच तो विचारतो. एक असो वा चार, उत्तर ‘हो’ एकदाच येतं. त्यामुळे ‘अॅक्टिव्ह असेपर्यंत तुमच्या इतर कॅरेक्टर्सना +१ अटॅक’ हा बोनस दोन फासे असले तरी +१ च, कार्डानेच वेगळं सांगितलेलं नसेल तर. खोलीतला दिवा दोन बटणांनी लावला म्हणून दुप्पट उजेड पडत नाही, तसंच.

मग दुसरा फासा घ्यायचा कशाला? विम्यासाठी. एक नॉकआउट झाला तरी दुसरा फील्डमध्ये उभा आहे तोवर बोनस हलत नाही. पुढच्या तपासणीत हे कळीचं ठरतं.

ग्लोबल मात्र वेगळा. ‘एक शील्ड मोजा, एका कॅरेक्टरला +१ डिफेन्स’ (शील्ड हा एनर्जीचा एक प्रकार) असा ग्लोबल असेल तर दोन शील्ड मोजून तो दोनदा वापरता येतो आणि बोनस +२ होतो. टर्नमध्ये एकदाच अशी अट कार्डावर असेल तर गोष्ट वेगळी. ग्लोबल कोणाच्याही कार्डावर असो, दोघांनाही वापरता येतो हेही विसरू नका. समोरच्याने आपल्या टर्नमध्ये न वापरता ठेवलेली एनर्जी तुमच्या टर्नमध्ये त्याच्या रिझर्व्ह पूलमध्ये (फेकून झालेले, अजून न वापरलेले फासे ठेवायच्या जागेत) पडून असते. ती बघितल्याशिवाय ‘आता हा मरतोच’ असं जाहीर करू नये.

अॅक्शनचे (कॅरेक्टर नसलेले, वापरले की एखादा परिणाम घडवणारे) दोन फासे वापरले तर दोन परिणाम होतात आणि दोन्ही मोजायचे. फक्त क्रम सांभाळा: ‘तुमच्या सगळ्या कॅरेक्टर्सना टर्न संपेपर्यंत +१’ ही अॅक्शन वापरताना जे फील्डमध्ये होते त्यांना ते मिळतं. नंतर फील्ड केलेल्याला ते चिकटत नाही. आधी फील्ड करा, मग अॅक्शन. ‘अॅक्टिव्ह असेपर्यंत’वाल्या बोनसला हा नियम नाही, तो उशिरा आलेल्यालाही धरतो.

‘हल्ला करताना +२’ हा बोनस ब्लॉक करताना मिळत नाही हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

७. वाचलेला मेला कसा?

एक उदाहरण फील्डमध्ये मांडूनच बघा. तुमचं लेव्हल २ चं कॅरेक्टर, छापील ३ अटॅक आणि ४ डिफेन्स. शेजारी एक साथीदार, ज्याच्या कार्डावर लिहिलंय: अॅक्टिव्ह असेपर्यंत तुमच्या इतर कॅरेक्टर्सना +१ डिफेन्स. म्हणजे आत्ताचा डिफेन्स ५.

समोरच्याने अॅक्शन वापरून त्याला ४ डॅमेज दिलं. पाचापेक्षा कमी, म्हणून वाचलं. तुम्ही सुटकेचा श्वास सोडला. मग त्याने दुसऱ्या एका परिणामाने साथीदाराला नॉकआउट केलं. साथीदाराचा दुसरा फासा फील्डमध्ये नाही, म्हणजे तो आता अॅक्टिव्ह नाही, म्हणजे +१ गेला. डिफेन्स परत ४. अंगावरचं ४ डॅमेज मात्र तिथेच आहे. कॅरेक्टर नॉकआउट, नवीन मार शून्य.

‘एकदा वाचला तो वाचला’ असं म्हणणारे दुसऱ्या तपासणीत अडकलेले असतात. साथीदाराचा आणखी एक फासा फील्डमध्ये असता तर काहीच झालं नसतं.

आता याची उलट बाजू. अटॅक स्टेपमध्ये लढणाऱ्यांचं डॅमेज एकाच वेळी दिलं जातं. तोच साथीदार त्याच लढतीत, त्याच क्षणी नॉकआउट होत असेल तर त्याने दिलेला अटॅकचा बोनस त्या डॅमेजमध्ये मोजला जातो, कारण डॅमेज देताना तो उभाच होता. पण ब्लॉक लावल्यानंतर, डॅमेजच्या आधी, अॅक्शन आणि ग्लोबल वापरायची वेळ असते. तिथे साथीदार पडला तर बोनस डॅमेजपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून विचारायचा प्रश्न ‘साथीदार मेला का’ हा नाही. ‘डॅमेजच्या आधी मेला की डॅमेजमध्ये’ हा आहे.

ओव्हरक्रश असलेल्या कॅरेक्टरच्या बाबतीत हे आणखी महागात जातं. ब्लॉक करणाऱ्याच्या डिफेन्सवर उरलेलं डॅमेज थेट खेळाडूला लागतं, त्यामुळे शेवटच्या क्षणी दिलेला +१ डिफेन्स तुमचा एक जीव वाचवतो. दोन ब्लॉकर असतील तर दोघांचा डिफेन्स धरायचा, बोनससकट.

८. फील्ड सोडून परत आलेला फासा

झटपट सांगतो. फासा फील्डमधून गेला की त्याच्यावरचे टर्नपुरते बोनस आणि डॅमेज दोन्ही गेले. नॉकआउट होऊन तो प्रेप एरियात (पुढच्या टर्नला फेकायच्या फाशांत) जातो, हल्ला करून ब्लॉक न झालेला यूज्ड पाइलमध्ये (वापरून झालेल्या फाशांत). परत आला तर कोरा. त्याच टर्नमध्ये आला तरी कोरा. ज्या फाशावर सगळे बोनस ओतायचे तो ब्लॉक न झाल्यास तसाही फील्ड सोडणार आहे, हे ध्यानात ठेवून एनर्जी खर्च करा.

इथे थांबा आणि जजला बोलवा

वरच्या आठ तपासण्या करूनही आकडा जुळत नसेल तर बहुधा पुढच्यापैकी काहीतरी टेबलावर आहे:

- एखादं कार्ड अटॅक किंवा डिफेन्सचा आकडा वाढवत नाही, बदलूनच टाकतं (‘अटॅक ५ होतो’), आणि वरून कोणीतरी बोनस दिलाय.
- अटॅक आणि डिफेन्सची अदलाबदल करणारा परिणाम लागलाय, आणि बोनस आधीचा की नंतरचा यावर वाद आहे.
- कोणीतरी दुसऱ्या कार्डाचा मजकूर रद्द केलाय किंवा उसना घेतलाय.
- दोन कार्डं एकाच क्षणी एकमेकांवर अवलंबून आहेत.
- छापील मजकूर आणि प्रकाशकाने नंतर केलेली दुरुस्ती यांत फरक आहे.

अशा ठिकाणी ‘मला वाटतं’ला अर्थ नसतो, आवाज चढवायलाही नसतो. स्पर्धेत असाल तर हात वर करा आणि जज येईपर्यंत एकाही फाशाला हात लावू नका. फासा फिरवून ‘हे बघ, असं होतं’ म्हणून दाखवायला गेलात की मूळ पृष्ठ कोणतं होतं यावरच दुसरा वाद उभा राहतो. दुसऱ्या टेबलावरच्या अनुभवी खेळाडूचं मत घेऊन पुढे खेळू नका. तो कितीही मुरलेला असला तरी त्याचा निकाल निकाल नसतो.

जजला गोष्ट सांगायची ती याच क्रमाने: फासा कोणत्या लेव्हलवर आहे, अंगावर डॅमेज किती, कोणते परिणाम लागले आणि कोणत्या क्रमाने, आणि आत्ता टर्नचा कोणता भाग चालू आहे. कार्ड त्याच्यासमोर सरळ ठेवा. दोघांनी एकदम बोलू नका.

घरच्या डावात जज नसतो. तिथे दोघांना मान्य होईल असा अर्थ त्या डावापुरता धरा, दोन्ही कार्डांची नावं आणि नेमका प्रश्न चिठ्ठीवर लिहा, आणि डाव संपल्यावर प्रकाशकाच्या अधिकृत निर्णयांत त्याचं उत्तर शोधा. उत्तर उलटं निघालं तरी झालेल्या डावाचा निकाल बदलायचा नाही.